मांजरांतील मधुमेह

मांजराच्या शरीरात इन्शुलीन या हॉर्मोनाची (उत्तेजक स्रावाची) निर्मिती अपुरी पडल्यामुळे अथवा ऊतकांवर (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांवर) त्याचा योग्य परिणाम न झाल्यामुळे रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण कायम वाढलेले राहण्याच्या विकारास मांजरांतील मधुमेह म्हणतात. हा मुख्यतः उतारवयातील विकार असून सात वर्षांवरील मांजरांत तो अधिक आढळतो. सर्वसाधारणपणे दर शंभर ते पाचशे पाळीव मांजरांमागे एकास तो होतो. उपचार न केल्यास मांजर खंगत जाऊन काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावते. मात्र वेळेवर निदान होऊन इन्शुलीन, आहार व देखरेख या तिन्हींची नीट सांगड घातल्यास अशी मांजरे अनेक वर्षे चांगल्या प्रकारे जगतात. काहींच्या बाबतीत तर इन्शुलीन पुढे बंदही करता येते. माणसाच्या मधुमेहाशी या विकाराचे पुष्कळ साम्य असले, तरी मांजराची शरीरक्रिया वेगळी असल्याने उपचाराचे तपशील वेगळे आहेत [→ मधुमेह].

ऐतिहासिक माहिती : गोड लघवीचा विकार म्हणून मधुमेहाचे वर्णन चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आढळते. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण भारतीय वैद्यांना परिचित होते. या विकाराचा अग्निपिंडाशी असलेला संबंध प्राण्यांवरील प्रयोगातूनच सिद्ध झाला. १८८९ मध्ये योझेफ फोन मेरिंग व ऑस्कर मिंकोव्हस्की यांनी स्ट्रासबर्ग येथे कुत्र्याचे अग्निपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह झाल्याचे दिसून आले. १९२१ मध्ये टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत अग्निपिंडाचा गुणकारी अर्क मिळविला. कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये तो मानवी रुग्णास प्रथम देण्यात आला. बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतरची सु. साठ वर्षे वापरात असलेले इन्शुलीन गाई-बैलांच्या व डुकरांच्या अग्निपिंडांपासून काढलेले असे. फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्शुलिनातील ५१ ॲमिनो अम्लांचा क्रम निश्चित केला. या कार्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील तौलनिक अभ्यासातून असे आढळले की, मांजराचे इन्शुलीन गाईच्या इन्शुलिनाहून केवळ एका ॲमिनो अम्लाच्या बाबतीत वेगळे आहे, तर मानवी इन्शुलिनाहून ते चार ठिकाणी वेगळे आहे. त्यामुळे गाईचे इन्शुलीन मांजरास विशेष जवळचे मानले जाई. १९८२ पासून जनुकीय तंत्राने सूक्ष्मजंतूंकरवी बनविलेले मानवी इन्शुलीन प्रचारात आले व प्राणिज इन्शुलीन बाजारातून हळूहळू मागे पडले. सुदैवाने मानवी इन्शुलिनाचाही मांजरांना चांगला उपयोग होतो.

कारणे : मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्ठाचे पचन करणारे एंझाइम नसते आणि जेवणानंतर रक्तात एकदम आलेले ग्लुकोज साठवून ठेवण्याची त्याच्या यकृताची क्षमता मर्यादित असते. गोड चव ओळखणारा ग्राही घटकही मांजराच्या जिभेवर कार्यक्षम नसतो. उंदीर व पक्षी यांच्या मांसात कार्बोहायड्रेटे अत्यल्प असल्याने रानटी स्थितीत या गोष्टींची उणीव भासत नाही. घरात मात्र भात, पोळी, दूध किंवा धान्ययुक्त कोरडे खाद्य भरपूर मिळते व धावपळ जवळजवळ नसते. परिणामी मांजर लठ्ठ होते व ऊतके इन्शुलिनास दाद देईनाशी होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अग्निपिंडातील लांगरहान्स द्वीपके जादा इन्शुलीन स्रवतात व अखेर थकतात. द्वीपकांत ॲमिलॉइड या प्रथिनाचे थर साचणे हेही मांजरांतील मधुमेहाचे वैशिष्ट्य आहे. या दृष्टीने हा विकार माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा आहे.

लठ्ठपणा, वाढते वय, घरातच कोंडलेले राहणे व नर असणे या गोष्टी विकारास अनुकूल ठरतात. खच्ची केलेल्या बोक्यांत प्रमाण अधिक आढळते. ब्रह्मी जातीच्या मांजरांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत हा विकार विशेष दिसून आला आहे. खाज, दमा किंवा हिरड्यांची सूज यांवर दिलेली कॉर्टिकोस्टेरॉइडे, विशेषतः दीर्घकाळ परिणाम करणारी अंतःक्षेपणे (इंजेक्शने), तसेच प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे यांमुळे सुप्त मधुमेह उघड होतो. अग्निपिंडाचा दाह हेही एक कारण आहे. काही मांजरांत पोष ग्रंथीच्या अर्बुदामुळे वृद्धी हॉर्मोन अतिरिक्त प्रमाणात स्रवते व इन्शुलिनाचा परिणाम होत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी सु. एक चतुर्थांश मांजरांत या विकाराची शक्यता दाखविणारा रक्तघटक वाढलेला आढळला.

लक्षणे : वारंवार व पुष्कळ लघवी, अतिशय तहान, भरपूर खाऊनही वजन घटणे ही प्रमुख लक्षणे होत. माणसात रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलि. मध्ये सु. १८० मिग्रॅ. च्या वर गेले की ते लघवीतून जाऊ लागते. मांजरात ही मर्यादा सु. २५० ते २९० मिग्रॅ. आहे. त्यामुळे बाह्य लक्षणे दिसू लागेपर्यंत विकार बराच पुढे गेलेला असतो. एरवी वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही न पाहणारे मांजर मोरीतील बादलीशी जाऊन बसू लागले किंवा त्याच्या वाळूतील ओले गोळे अचानक मोठे दिसू लागले, तर ते वयोमानावर न ढकलता लघवी व रक्त तपासून घेणे इष्ट असते. अंग चाटण्याचे प्रमाण कमी होऊन केस निस्तेज व गुंतलेले दिसतात. निरोगी मांजर बोटांवर चालते. मधुमेहामुळे तंत्रिकांना इजा झाल्यास ते मागील पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागते आणि उंच उडी मारण्याचे टाळते. कुत्र्यांत मधुमेहामुळे सर्रास होणारा मोतीबिंदू मांजरांत क्वचितच आढळतो.

दुर्लक्ष झाल्यास शरीर ऊर्जेसाठी वसेचे (स्निग्ध पदार्थांचे) विघटन करू लागते व रक्तात कीटोन पदार्थ साचून अम्लता वाढते. अन्न वर्ज्य करणे, ओकाऱ्या, मलूलपणा, शरीरातील पाणी कमी होणे व श्वासाला येणारा विशिष्ट वास ही त्याची लक्षणे असून अशा स्थितीत मांजरास रुग्णालयात ठेवून शिरेतून द्रव व इन्शुलीन देण्यास विलंब लावता येत नाही.

निदान : केवळ एकदा रक्तातील ग्लुकोज वाढलेले आढळले म्हणून मांजरास मधुमेह आहे असे ठरविता येत नाही. टोपलीतून प्रवास, परके ठिकाण व सुईची भीती यांमुळे निरोगी मांजराचेही ग्लुकोज तात्पुरते २५० मिग्रॅ. च्या पुढे जाऊ शकते. यासाठी लघवीतील ग्लुकोज व कीटोने पाहतात आणि रक्तातील फ्रुक्टोसामिनाचे मापन करतात. ग्लुकोज प्रथिनांस चिकटून बनणारा हा पदार्थ मागील एक ते तीन आठवड्यांची सरासरी स्थिती दाखवितो व क्षणिक भीतीचा त्यावर परिणाम होत नाही. वयस्क मांजरात वृक्कांचा (मूत्रपिंडांचा) जुनाट विकार व अवटू ग्रंथीचा अतिस्राव यांतही तहान वाढते व वजन घटते. म्हणून त्यांच्या तपासण्या त्याच वेळी करणे योग्य ठरते. दातांचे व मूत्रमार्गाचे संक्रामण इन्शुलिनाच्या कार्यास अडथळा आणते, त्यामुळे त्यांचाही शोध घ्यावा लागतो.

इन्शुलिनाचे उपचार : मांजरात इन्शुलिनाचा परिणाम माणसापेक्षा लवकर ओसरतो. त्यामुळे ते बहुधा दर बारा तासांनी द्यावे लागते. प्रोटामीन झिंक इन्शुलीन व ग्लार्जिन ही दीर्घकाळ परिणाम करणारी इन्शुलिने मांजरास अधिक उपयुक्त ठरली आहेत. डुकराच्या इन्शुलिनापासून बनविलेले पशुवैद्यकीय लेंट इन्शुलीनही वापरतात. माणसासाठी प्रचारात असलेली आयसोफेन व मिश्र इन्शुलिने मांजरात फार थोडा वेळ टिकतात व ग्लुकोजात मोठे चढउतार घडवितात. ग्लार्जिन हे अम्लीय विद्रावाच्या स्वरूपात असते. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात व ते हळूहळू विरघळतात. या कारणास्तव ते पाण्याने विरल करीत नाहीत वा दुसऱ्या इन्शुलिनात मिसळत नाहीत. त्याचा विद्राव गढूळ झाल्यास कुपी टाकून देतात.

प्रारंभीची मात्रा सामान्यतः दर खेपेस एक एकक, मोठ्या मांजरास फार तर दोन एकके असते. मात्रा पशुवैद्यच ठरवितो व ती एकदम न वाढविता एक-दोन आठवड्यांच्या निरीक्षणानंतर अर्ध्या ते एक एककाने बदलतो. आज ग्लुकोज जास्त दिसले म्हणून आजच मात्रा वाढविणे धोक्याचे असते. ग्लुकोज फार खाली गेल्यास शरीर प्रतिक्रिया म्हणून ते उसळवते. अशा वेळी ज्याला मात्रा अपुरी असल्याचे चिन्ह समजले जाते, ते वस्तुतः मात्रा अधिक झाल्याचे असू शकते.

भारतात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. येथे मिलिलिटरमागे ४० एकके व १०० एकके अशा दोन तीव्रतांची इन्शुलिने औषधांच्या दुकानांत मिळतात आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. सामान्यतः ४० एककांच्या सिरिंजेचे टोपण लाल, तर १०० एककांच्या सिरिंजेचे नारिंगी असते. १०० एककांचे इन्शुलीन ४० च्या सिरिंजेने घेतल्यास एका खुणेमागे अडीच एकके अंगात जातात. सत्तर किग्रॅ. वजनाच्या माणसास कदाचित सोसेल अशी ही चूक चार किग्रॅ. च्या मांजराचा जीव घेऊ शकते. उलट चूक झाल्यास एका एककाऐवजी केवळ ०.४ एकक मिळते व उपचार निष्फळ वाटू लागतात. म्हणून कुपीवरील व सिरिंजेवरील आकडा प्रत्येक खरेदीच्या वेळी पडताळून पाहणे अत्यावश्यक आहे.

अंतःक्षेपण त्वचेखाली देतात. पूर्वी मानगुटीवर देण्याची प्रथा होती. तेथे रक्तपुरवठा कमी असल्याने आता बरगड्यांलगतची किंवा कुशीची बाजू पसंत केली जाते व जागा रोज थोडी बदलली जाते. त्वचा चिमटीत उचलून झालेल्या घडीच्या बुडाशी सुई घालतात. सुई अतिशय बारीक असल्याने खाण्यात गुंतलेल्या मांजरास ती बहुधा जाणवतही नाही. गढूळ स्वरूपाचे इन्शुलीन उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हलके फिरवून एकजीव करतात. औषध केसांवर सांडल्याची शंका आली, तरी त्या खेपेस दुसरी मात्रा देत नाहीत, कारण एक खेप चुकल्याने होणारे नुकसान दुप्पट मात्रेच्या मानाने नगण्य असते. मांजराने अन्नास तोंड लावले नाही किंवा ते ओकले, तर नेहमीची मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्यास विचारणे आवश्यक असते.

रक्तातील ग्लुकोजाची न्यूनता : इन्शुलीन उपचारातील हा सर्वांत मोठा धोका होय. ग्लुकोज सु. ६० मिग्रॅ. च्या खाली गेल्यास अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, शून्य नजर, एकाएकी वाढलेली भूक व पुढे झटके आणि बेशुद्धी ही लक्षणे दिसतात. मांजर गिळू शकत असल्यास त्यास ताबडतोब नेहमीचे अन्न देतात. ते खात नसल्यास साखरेचे दाट पाणी, मध वा ग्लुकोज हिरड्यांवर चोळतात. बेशुद्ध मांजराच्या तोंडात द्रव ओतल्यास तो फुप्फुसात जाण्याची भीती असते. मांजर शुद्धीवर आले, तरी इन्शुलिनाचा परिणाम काही तास टिकत असल्याने त्यास पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

आहार : मधुमेही मांजरास प्रथिने अधिक व कार्बोहायड्रेटे अत्यल्प असलेला आहार मानवतो. डब्यातील ओले मांसयुक्त खाद्य त्या दृष्टीने कोरड्या दाणेदार खाद्यापेक्षा बहुधा सरस असते. घरगुती आहारात बिनमसाल्याचे शिजविलेले कोंबडीचे मांस, अंडे व काटे काढलेली शिजविलेली मासळी यांचा उपयोग होतो. मात्र केवळ मांस दिल्यास कॅल्शियम व टॉरीन यांची उणीव पडते, म्हणून पूरक द्रव्ये पशुवैद्याच्या सल्ल्याने घालतात. दूध-भात बंद करणे हे महाराष्ट्रातील घरांत सर्वांत अवघड ठरते. दुधात सु. ५% दुग्धशर्करा असते व भात जवळजवळ सर्वस्वी पिष्ठमय असतो. इन्शुलीन चालू असलेल्या मांजराचा आहार मात्र परस्पर बदलू नये. कार्बोहायड्रेटे कमी होताच इन्शुलिनाची गरज झपाट्याने घटते व पूर्वीचीच मात्रा घातक ठरू शकते. लठ्ठ मांजराचे वजन सावकाश उतरविणे इष्ट असते. मांजरास उपाशी ठेवल्यास यकृतात वसा साचून निराळाच गंभीर विकार उद्‌भवतो.

देखरेख : पाण्याचे, अन्नाचे व लघवीचे प्रमाण, आठवड्याचे वजन आणि दिलेली मात्रा यांची वहीत रोज नोंद ठेवणे हा देखरेखीचा पाया होय. कानाच्या कडेला सुई टोचून निघालेल्या थेंबावरून घरीच ग्लुकोज मोजता येते. माणसासाठी बनविलेले ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तातील ग्लुकोज प्रत्यक्षाहून काहीसे कमी दाखवितात, हे ध्यानात घ्यावे लागते. त्वचेवर चिकटवून सतत मापन करणारे मानवी संवेदकही आता मांजरांवर वापरले जातात. इन्शुलिनाचा परिणाम सर्वाधिक असताना ग्लुकोज सु. ८० ते १५० मिग्रॅ. असावे आणि दिवसभरात ते ३०० च्या पुढे फारसे जाऊ नये, असे सामान्य उद्दिष्ट असते. तथापि वयोवृद्ध मांजराच्या बाबतीत आकड्यांपेक्षा त्याचे वजन, तहान, भूक व हालचाल यांतील सुधारणा अधिक महत्त्वाची मानतात.

निदानानंतर लवकर उपचार सुरू झाल्यास व स्टेरॉइडासारखे मूळ कारण दूर झाल्यास अनेक मांजरांत पहिल्या काही महिन्यांत द्वीपके पुन्हा कार्यक्षम होतात व इन्शुलिनाविना ग्लुकोज मर्यादेत राहते. यास शमन म्हणतात. हा कायमचा बरेपणा नव्हे. विकार पुन्हा उलटू शकतो, म्हणून आहार व तपासणी चालूच ठेवावी लागतात.

तोंडावाटे द्यावयाची औषधे : लघवीवाटे ग्लुकोज बाहेर टाकणारी बेक्साग्लिफ्लोझिन (२०२२) व व्हेलाग्लिफ्लोझिन (२०२३) ही औषधे अमेरिकेत मांजरांसाठी मान्य झाली आहेत. सुई टळत असल्याने ती सोयीची आहेत. परंतु ती प्रत्येक मांजरास चालत नाहीत. शरीरात इन्शुलीन अजिबात नसल्यास रक्तातील ग्लुकोज फारसे न वाढताही कीटोनजन्य अम्लता होऊ शकते. यामुळे आधी इन्शुलीन घेतलेल्या मांजरांना ती देण्यास तेथे मान्यता नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती : मुंबईच्या परळ भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि त्यालगतच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयामुळे लहान प्राण्यांच्या चिकित्सेची परंपरा तेथे जुनी आहे. राज्याच्या इतर भागांत पशुवैद्यकीय सेवेची उभारणी मुख्यतः गाय, म्हैस, बैल व शेळी यांच्यासाठी झाली. कोल्हापूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघामुळे तेथे दुभत्या जनावरांच्या उपचाराची सोय गावोगाव पोहोचली. मांजर मात्र धान्याच्या कणगीभोवती उंदीर मारणारा, स्वतःचे पोट स्वतः भरणारा प्राणी राहिला व त्यावर औषधोपचार करण्याची कल्पना शहरातील घरांत अलीकडेच रुजली. या विभागातील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे आहे.

कोल्हापुरातील मधुमेही मांजराच्या मालकास स्थानिक परिस्थितीचा विचार करावा लागतो. न उघडलेले इन्शुलीन २° ते ८° से. तापमानात ठेवतात, ते गोठल्यास निकामी होते, म्हणून ते बर्फाच्या कप्प्यात किंवा बर्फाला चिकटून ठेवत नाहीत. वापरातील कुपीची मुदत उत्पादकाने दिलेली असते. एप्रिल-मेमध्ये वीज गेल्यास ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात कुपी पिशवीत बांधून ठेवणे हा जुना उपाय उपयोगी पडतो, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन जलद होऊन आतील तापमान उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय फारसा लागू पडत नाही; मात्र त्या काळात हवाही तितकी तापत नाही. खरी अडचण पुराची असते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी पंचगंगेच्या पुराने शहराचा मोठा भाग वेढला गेला. २०१९ व २०२१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला व पुरवठा खंडित झाला. यास्तव जूनपूर्वीच महिनाभराचे इन्शुलीन, सिरिंजा व पट्ट्या घरात असणे आणि मात्रेची नोंदवही कुपीसोबत जलाभेद्य पिशवीत ठेवणे श्रेयस्कर असते. तांबड्या वा पांढऱ्या रश्शातील उरलेले मटण मांजरापुढे टाकण्याची सवयही मोडावी लागते. त्यातील कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या कोशिकांना अपायकारक असतात.

फलानुमान : मधुमेही मांजराचे आयुर्मान सोबतच्या विकारांवर जितके अवलंबून असते, तितकेच ते घरातील नियमितपणावर असते. दिवसातून दोनदा ठराविक वेळी घरी कोणी तरी असणे, गावाला जाताना जबाबदारी घेणारी दुसरी व्यक्ती असणे आणि औषधाचा खर्च झेपणे या गोष्टींचा विचार उपचाराच्या आरंभीच करावा लागतो. निदान होताच अनेक मालक हताश होतात व काही मांजरास सुखमरण देण्याचा विचार करतात. परंतु पहिले काही आठवडे निभावले की सुई टोचणे हा घरातील एक साधा नित्यक्रम होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ज्या वृद्ध मांजराचे वृक्क अथवा इतर इंद्रिये निकामी होत आली आहेत व ज्यास उपचारच जाचक ठरत आहेत, त्याच्या बाबतीत वेदनामुक्तीस प्राधान्य देणे उचित होय. इतरांच्या बाबतीत वयाचे कारण देऊन उपचार नाकारणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही.